घडी कुणाची चुकली

चार वर्षांनी मी पुन्हा धावपट्टीवर गेले, तेव्हा आमचे मुख्य प्रशिक्षक खुर्चीवरून उठून बाहेर आले आणि त्यांनी माझी माफी मागितली. सैन्यातून निवृत्त झालेला हा माणूस आयुष्यात कुणाची माफी मागत असेल, असं त्यांच्याकडे बघून वाटत नाही. ते म्हणाले, मागच्या वेळी चूक आमच्या माणसाची होती, तरीही तुम्ही परत आलात, हा तुमचा मोठेपणा. मी "असू द्या हो, सर" म्हटलं आणि तो मोठेपणा ठेवून घेतला.

मी बोरिवलीत मोटार ट्रेनिंग स्कूल चालवते. वीस वर्षांत अर्ध्या वॉर्डातल्या बायका माझ्या हाताखालून गाडी शिकून गेल्या असतील. मी तापट आहे, हे त्या सगळ्या सांगतील. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारी घाबरली की मी तो दाबते आणि गाडी थांबते. मग ती हमखास म्हणते, "मॅडम, ब्रेक लागलाच नाही." त्यावर माझं ठरलेलं उत्तर असतं: गाडीला नावं ठेवू नका, पाय कुठे होता ते सांगा. हे मी इतक्या जणींना इतक्या वेळा सुनावलं आहे की नवऱ्याने त्याची नक्कल करायला घेतली होती. म्हणजे मला हे कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच्या बाबतीत फार लख्ख कळत होतं.

विमानातून उडी मारायचं खूळ चाळिशीनंतर डोक्यात शिरलं. वाढदिवसाला एकदा प्रशिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन उडी मारली आणि खाली उतरल्यावर ठरवलं की हे आपलं आपण करायचं, अगदी लायसन्स काढून. त्याला पंचवीस उड्या लागतात, वर बरेच धडे, आणि स्वतःच्या पॅराशूटची घडी स्वतः घालता यावी लागते. जन्मभर लोकांना लायसन्स मिळवून दिली, आता एक असं काढू की आरटीओच्या रांगेतल्या कुणाकडे नसेल, असा माझा माज होता. मुंबईहून पाच तासांवरच्या त्या छोट्या धावपट्टीवर मी शनिवार-रविवार जायला लागले. सोसायटीत, क्लासमध्ये, भाजीवाल्याकडे, सगळीकडे माझ्या उड्यांची बातमी असायची. ती मीच पुरवत होते.

नवव्या उडीला मी एकटी होते. पहिल्या सात उड्यांना प्रशिक्षक बाजूने धरून असतात, मग सोडून देतात. काम सोपं होतं. दहा हजार फुटांवर बाहेर पडायचं, पोटावर स्थिर राहायचं, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळायचं, आणि मनगटावरच्या उंचीच्या घड्याळात साडेपाच हजार दिसले की उजवा हात मागे नेऊन कमरेखालच्या खिशातला चेंडू ओढायचा. चेंडूला एक छोटी छत्री जोडलेली असते. ती वाऱ्यात सोडली की पाठीवरच्या मोठ्या छत्रीला ती बाहेर खेचते. आणि सरांचा नियम एकच: उलटे असा, सुलटे असा, उंची झाली की ओढा.

मी कोलांटी मारली. ठरलेली नव्हती, कुणी शिकवलेलीही नव्हती. सोमवारी बोरिवलीत सांगायला काहीतरी नवीन हवं होतं, एवढंच. ती अर्धीच झाली आणि मी पाठीवर पडून गरगरायला लागले. आभाळ, शेतं, आभाळ, शेतं. मला आधी सुलटं व्हायचं होतं, नीट व्हायचं होतं, आणि मग ओढायचं होतं. घड्याळाकडे मी बघितलंच नाही. मग खांद्यांना जबरदस्त हिसका बसला आणि मी एका पांढऱ्या छत्रीखाली लटकत होते. ती मी उघडलेली नव्हती. पाठीवर एक राखीव छत्रीही असते, आणि माणूस फार खाली येऊनही पडतच असला तर एक छोटं यंत्र ती आपोआप उघडतं. ते यंत्र बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी असतं. मी चांगली शुद्धीत होते.

तुरीच्या शेतात उतरले. गुडघा सोलवटला होता, बाकी काही नाही. लांबून जीप येताना दिसत होती, पण शेताला वळसा घालून यायला तिला पाच मिनिटं तरी लागणार होती. मी तिथेच मातीत बसून हात मागे नेला आणि चेंडू चाचपला. तो खिशात होता. मला मनापासून वाटत होतं की तो अडकलेला असावा. देवाचं नाव घेऊन मी तो ओढला, आणि तो एका बोटाने निघाला. छोटी छत्री हातात आली, पिन सुटली, पाठीवरचा कप्पा उघडला आणि मोठी छत्री पिशवीसकट माझ्यामागे मातीत पडली.

आता ती परत आत घालता येणं शक्य नव्हतं. आणि जीप आली तेव्हा मला काही जुळवावंही लागलं नाही, वाक्य तयारच होतं. मी म्हणाले, "ओढली होती, सर. दोनदा ओढली. हललीच नाही. आता आपटल्यावर सुटली." सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला पाणी दिलं.

धावपट्टीवर छत्र्यांच्या घड्या घालणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. पन्नाशीतला, बारीक, भांडुपचा मालवणी माणूस. आजोबा आणि वडील गिरणीत होते, हातातलं कसब तिथूनच आलं, असं तो हटकून सांगायचा. गुडघ्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे बांधून दिवसभर हँगरच्या फरशीवर रांगायचा. आमच्या मोठ्या छत्र्यांच्या घड्या तोच घालायचा आणि राखीव छत्र्याही तोच बांधायचा, कारण त्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेला तिथे तो एकटाच होता. म्हणजे जी उघडली नाही असं मी म्हणाले ती त्याच्या हातची होती, आणि जिने मला वाचवलं तीही त्याच्याच हातची.

या खेळात एक रिवाज आहे. राखीव छत्रीवर उतरलेला माणूस ती बांधणाऱ्याला काहीतरी भेट देतो. दुसऱ्या देशांत म्हणे बाटली देतात. आमच्याकडे मामा माळकरी, म्हणून पेढे द्यायची पद्धत पडली होती. त्या दुपारी कुणीतरी चांगल्या मनाने मला म्हणालं की मामांना पेढे द्यायला हवेत. मामा तिथेच उभे होते, तोंड उतरलेलं होतं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्याने मला मारायला काढलं होतं, त्याला पेढे?" मामा हँगरच्या मागे निघून गेले.

त्यानंतर मी गेलेच नाही. लोकांना वाटलं, घाबरली असेल बिचारी. मला भीती वाटत नव्हती, पण ते समजुतीने बघणं सोयीचं होतं. बोरिवलीत मात्र ती गोष्ट मी फार सांगितली. हळदीकुंकवात सांगितली, नवऱ्याच्या मित्रांना सांगितली, शिकाऊ बायकांना सिग्नलवर थांबलो असताना सांगितली. सांगता सांगता तिला धार आली. एकदा दिवाळीच्या फराळाला कुणीतरी विचारलं की घडी घालणारा असा कसा चुकेल, तर मी हसून म्हणाले, "घेऊन आला असेल सकाळी सकाळी." सगळे हसले. माळकरी माणसाबद्दल मी हे बोलले. पुढच्या वेळेपासून तेही गोष्टीत राहिलं.

मग परत का गेले? हौस फिटली नव्हती, हे एक. आणि दुसरं म्हणजे, चार वर्षं हा पुरेसा काळ असतो असं मला वाटलं. कशासाठी पुरेसा, ते मी स्वतःला विचारलं नाही.

नव्याने सगळे धडे झाले, एक उडी प्रशिक्षकाबरोबर झाली, मग पुन्हा एकटीने. या वेळी मी नियमाने वागले. पाच हजार आठशेलाच हात मागे जायचा. डिसेंबर संपेपर्यंत जुन्या धरून सोळा उड्या झाल्या. पण घडी काही येईना. तिथे आता दोन नवीन मुलगे घड्या घालत होते. त्यांना मोसमात मान वर करायला फुरसत नव्हती, शिकवणार कुठून? सरांनी एक जुनी, उडीला बाद झालेली पण घालून-काढून शिकायला चांगली अशी पॅराशूटची बॅग माझ्या हवाली केली आणि म्हणाले, मामांकडे जा. तेव्हा मला कळलं की त्या प्रकारानंतर त्यांनी मामांना घड्यांवरून काढून जीपवर घातलं होतं. एक हंगाम मामांनी जीप चालवली आणि मग स्वतःच सोडून दिलं. आता ते भांडुपला एका मांडववाल्याच्या गोदामात होते. सर म्हणाले, तुम्हाला तो नाही म्हणणार नाही, तुमचं त्याला फार लागलं आहे.

मी दोन आठवडे टाळलं. मग एका मंगळवारी दुपारी, क्लासच्या एल लावलेल्या गाडीतून, लिंक रोडने पवई ओलांडून भांडुपला गेले. जाताना अर्धा किलो पेढे घेतले. खरं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून पेढे. मला वाटलं होतं, तेवढ्यावर भागेल.

गोदामात सतरंज्यांच्या थप्प्या, झालरी, सोनेरी रंगाच्या खुर्च्या एकात एक घातलेल्या. मामा वहीत खुर्च्या लिहून घेत होते. मला बघून ते उठले. मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला आणि काहीतरी पुटपुटले की तेव्हा राहून गेलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग हाक मारून त्यांनी गोदामातल्या चौघांना बोलावलं, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला आणि त्यांना सांगितलं, "ह्या मॅडम माझ्या रिझर्व्हवर उतरल्यात. हजार फुटांवर उघडली. एक दोरी गुंतली नव्हती." त्या माणसांना त्यातलं काही कळलं नसावं, पण त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

मी शिकवाल का विचारलं, तर त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "मॅडम, तोंडाने शिकवतो. हात नाही लावणार." का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. ते म्हणाले, त्या दिवसापासून हातांवर भरवसा राहिलेला नाही. इथेही ते मांडवाची दोरी बांधत नाहीत, झुंबर टांगत नाहीत, फक्त मोजणी करतात. शेजारच्या बाळाच्या पाळण्याची दोरी बांधायला बोलावलं होतं, तर नाही म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी माझी क्षमा मागितली. "मला अजून समजत नाही कुठे चुकलं. पण चुकलं. तुम्ही गेला असतात वर."

एवढं झाल्यावर तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "होतं कधीकधी, मामा."

पुढचे आठ मंगळवार मी जात राहिले. रविवारची लग्नं आटोपून माल धुवायला गेलेला असायचा, त्यामुळे गोदामात मधोमध जागा मोकळी मिळायची. मामा सोनेरी खुर्चीवर बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी खाली फरशीवर. ते सांगत आणि मी करत होते. दोऱ्या सरळ करा, मध्ये बोट घालून मोजा. कापडाच्या पट्ट्या एकावर एक घ्या, नेसताना निऱ्या घेतो तशा, पण खेचू नका, हवेला वाट ठेवा. आता वर झोपा, सगळी हवा बाहेर. माझ्या सेहेचाळिशीच्या पोटाखालून ते निसरडं कापड सगळीकडून निसटायचं आणि मी चिडायचे, कापडाला शिव्या घालायचे. मामा हसायचे. म्हणायचे, "कापडाला नका बोलू, ते बिचारं जिथे ठेवाल तिथे राहतं." त्यांचे हात मांड्यांखाली हलताना मला दिसायचे. मी चुकले की उजवा हात आपोआप थोडा बाहेर यायचा, आणि ते तो परत आत दाबायचे.

मी हिशेब केला होता. पंचवीस पुऱ्या होऊ देत, लायसन्स हातात येऊ दे, मग सांगू. तोवर सांगितलं तर सर मला हाकलतील, कारण छत्रीबद्दल खोटं बोलणाऱ्याला या खेळात कुणी उभं करत नाही. हा हिशेब मी भांडुपहून परतताना दर वेळी करायचे आणि तो मला बरोबर वाटायचा. एका माणसाने चार वर्षं हात मांड्यांखाली दाबून काढली आहेत, तर आणखी दोन महिन्यांनी काय फरक पडतो, असा तो हिशेब होता.

मार्चमध्ये माझ्या चोवीस उड्या झाल्या. त्या मंगळवारी मी पहिल्यांदा सगळी घडी न विचारता घातली. मोठी छत्री पिशवीत, पिशवी कप्प्यात, पिन, आणि शेवटी छोटी छत्री दुमडून खिशात. मामा म्हणाले, बॅग पाठीला लावा आणि ओढून बघा. मी ओढली. सुळकन आली. मी खूश झाले. मामा झाले नाहीत. त्यांनी मला पुन्हा खिसा भरायला सांगितलं, पण या वेळी मुद्दाम वाईट. छोटी छत्री बोळा करून कोंबा, म्हणाले. मी कोंबली. ओढा. जड गेली, पण आली. आता दोरी तिच्याभोवती गुंडाळून कोंबा. आली. आता उलटी घाला. आली. आता अर्धी बाहेर ठेवून दाबा. आली. असं आम्ही किती वेळा केलं ते आठवत नाही. माझा खांदा दुखायला लागला. मामांना घाम आला होता, पंख्याखाली बसून.

"ह्याच्यापेक्षा वाईट मी घालू शकत नाही, मॅडम," ते म्हणाले. "दारू पिऊनसुद्धा नाही. तरी येतेय. मग त्या दिवशी अशी काय घातली असेन मी?"

दारू हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी दिवाळीला काय बोलले होते ते त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण मला तिथे उभं राहवेना. मी बॅगेसकट खाली बसले.

मी म्हणाले, "मामा, मी ओढलीच नव्हती."

त्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलं, "किती फुटांवर हात लावलात?"

"लावलाच नाही. कोलांटी मारायला गेले आणि गरगरले. जमिनीवर बसून ओढली, तुमची जीप यायच्या आधी. एका बोटाने आली."

गोदामात बाहेरच्या रस्त्यावरची मेट्रोच्या कामाची धडधड येत होती. मामा बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी चुका पकडणारी बाई आहे, कुणी असं बघितलं तर मला पुढे काय होणार ते समजतं. त्या वेळी समजत नव्हतं. मग ते खुर्चीवरून उतरले. माझ्या पाठीवरून बॅग काढली, उघडी केली, सगळी छत्री फरशीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसले. ट्यूबचे तुकडे नव्हते. पहिल्या दोऱ्या त्यांनी दोन-दोनदा मोजल्या. निऱ्या घेईपर्यंत हात सरावले. कापड त्यांच्या पोटाखाली एकदाही निसटलं नाही. दहाएक मिनिटांत त्यांनी पिन लावली, छोटी छत्री दुमडून खिशात सरकवली, आणि बॅग माझ्याकडे न देता स्वतःच्या पाठीला लावून स्वतःच ओढली. मग पुन्हा घातली. पुन्हा ओढली. मी भिंतीला टेकून बसून होते. मला उठून जायची मुभा आहे की नाही तेही कळत नव्हतं.

तिसऱ्यांदा ओढून झाल्यावर ते म्हणाले, "सरांना फोन लावा. स्पीकरवर ठेवा."

मी लावला. जेवढं मामांना सांगितलं तेवढंच सरांना सांगितलं, आणि पेढ्यांवरून जे बोलले होते तेही. शेवटी त्यांनी विचारलं, मामा तिथे आहेत का. आहेत, म्हटलं. मग ते आधी माझ्याशी बोलले. म्हणाले, चोवीस उड्या तुमच्या आहेत, त्या मी खोडणार नाही. पंचविसावी माझ्या धावपट्टीवर होणार नाही, आणि माझी सही तुम्हाला कुठेही मिळणार नाही. मी "हो" म्हणाले. माझं लायसन्स तिथे संपलं आणि त्या क्षणी मला त्याचं वाईटही वाटलं, हेही लिहायला हवं. भांडुपच्या त्या फरशीवर बसून मला आधी स्वतःचंच वाईट वाटलं. नंतर सर मामांशी बोलू लागले, आवाज एकदम उतरला होता, काहीतरी म्हणत होते की आम्ही तुम्हाला विचारायला हवं होतं. मामा म्हणाले, "सर, मग बोलू," आणि त्यांनीच फोनवरचं लाल बटण दाबलं.

मला वाटलं झालं. मी पर्स उचलली. मामा म्हणाले, "आता घरी चला. बायकोला सांगा."

मी म्हटलं, मामा, तुम्हीच सांगा ना. ते म्हणाले, "मी सांगितलं तर तिला वाटेल, मी स्वतःची समजूत घालतोय. आधी दोनदा घातलीय."

घर मागच्या बाजूच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर होतं. लिफ्टमध्ये आम्ही दोघंही आकड्यांकडे बघत होतो. दार मामींनी उघडलं. मामा त्यांना म्हणाले, "चाय ठेव गो, पावणी आलीय," मग लगेच म्हणाले, नको, आधी बस. त्या ओल्या हातांनीच पलंगाच्या कडेला बसल्या. मी समोरच्या खुर्चीत. मामा दाराशी उभे राहिले, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे.

मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. या वेळी जास्त सांगावं लागलं, कारण छोटी छत्री कोणती, यंत्र कोणतं, हे मामींना माहीत नव्हतं. समजावून सांगताना माझा आवाज क्लासमधला होत होता आणि मला तो ऐकवत नव्हता. दिवाळीला मी काय म्हणाले होते तेही सांगितलं. तेव्हा मामांनी दाराच्या चौकटीला हात लावला. ते त्यांना माहीत नव्हतं. मी क्षमा मागितली.

त्या ओरडतील याची माझी तयारी होती. शिव्या खायची तयारी होती. तळतळाट लागले असते तरी मी ऐकून घेतले असते, उलट बरं वाटलं असतं. मामींनी आधी नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरं?" त्यांनी मान हलवली. मग त्यांनी पदराला हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"चार वर्षं ह्या माणसाला झोप नाही," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "डॉक्टर झाले, देव झाले, गावी जाऊन गाऱ्हाणं घातलं. उठून बसतो आणि उशीच्या अभ्र्याची घडी घालतो. मोडतो. परत घालतो. मी बघून न बघितल्यासारखं करते." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला लागत होती झोप?"

त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यात टोमणा नव्हता. नाही म्हणणं सोपं होतं, आणि ते ऐकून त्या दोघांना थोडं बरंही वाटलं असतं. एवढं खोटं कुणीही माफ केलं असतं. मामा दारातून माझ्याकडे बघत होते.

"लागत होती," मी म्हणाले.